माहितीपर लेखनाचा आराखडा मुलांकडून कसा करून घ्यावा: नव्या शिक्षकांसाठी

सातवीच्या वर्गाला ‘पाण्याचे महत्त्व’ हा विषय दिला की बहुतेक वह्यांमध्ये पहिले वाक्य ‘पाणी हे जीवन आहे’ असेच असते. त्यानंतर पाण्याचे उपयोग येतात, मग प्रदूषण येते आणि शेवटी पाणी जपून वापरण्याचा उपदेश येतो. ही मुले ज्या सोलापुरात राहतात तिथे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येण्याच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचे वेळापत्रक बदलते, पिंपे आणि कळशा भरून ठेवाव्या लागतात, कोणी तरी पहाटेपासून नळापाशी बसून राहते. यातले एकही वाक्य त्या निबंधात उतरत नाही. मुलांकडे सांगण्यासारखे काही नसते असे नाही, आणि त्यांची भाषाही वाटते तितकी तोकडी नसते. लिहिण्याच्या आधी काय करायचे असते, हे त्यांना कोणी करून दाखवलेले नसते.

शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षे मीही फळ्यावर मुद्दे लिहून देत असे: प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, उपाय, समारोप. मुले ते सहा मुद्दे इमानेइतबारे भरत आणि मला एकच निबंध चाळीस हस्ताक्षरांत वाचायला मिळे. दोष मुलांचा नव्हता, कारण विचार करण्याचे काम मी आधीच उरकून टाकले होते आणि त्यांच्यासाठी फक्त रिकाम्या जागा ठेवल्या होत्या. पुढची पद्धत त्या चुकीतून हळूहळू बसत गेली. आधी प्रश्न ठरवायचा, मग माहिती जमवायची, आणि जमलेली माहिती हाताने मांडून पाहताना आराखडा शोधायचा, असा तिचा क्रम आहे. पाचवी ते आठवीच्या वर्गांना यासाठी साधारण सहा तासिका पुरतात. त्या सलग मिळाल्या तर उत्तम, नाही तर आठवड्याला दोन घेतल्या तरी चालते.

पहिली पायरी: विषयाचा प्रश्न करणे

विषय हा नुसता शब्द असतो आणि शब्दावर किती लिहायचे, कुठे थांबायचे, हे मुलाला कळत नाही. प्रश्नाला मात्र उत्तर असते, आणि उत्तर पूर्ण झाले की लेखन संपते. म्हणून पहिल्या तासिकेत लिहायला सांगूच नये. फळ्याच्या मध्यभागी विषय लिहावा आणि त्यावर मुलांना पडतील तितके प्रश्न भोवती लिहीत जावे. ‘पाणी’ या विषयावर सुरुवातीला ‘पाणी म्हणजे काय?’ यासारखे पुस्तकी प्रश्न येतात. ते पुसू नयेत, फक्त वाट पाहावी. दहा मिनिटांनी कोणी तरी विचारते, ‘बाई, आमच्या गल्लीत पाणी रात्री येतं आणि मावशीच्या गल्लीत दिवसा, असं का?’ हा खरा प्रश्न झाला.

प्रश्न निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याचे उत्तर एका शब्दात संपू नये, ते शोधण्यासाठी मुलाला काही पाहावे किंवा कोणाला विचारावे लागावे, आणि ते दोन-तीन पानांत मावावे. ‘सोलापूरला पाणी कुठून येते?’ हा प्रश्न आठवीला चालतो, कारण उजनी धरणापासून शहरापर्यंतची जलवाहिनी, भीमा नदीत सोडलेले आणि औज बंधाऱ्यात अडवलेले पाणी, आणि जवळचा हिप्परगा तलाव अशा वेगवेगळ्या वाटा त्यात येतात. पाचवीला मात्र ‘पाणी येण्याच्या दिवशी आमच्या घरात काय काय होते?’ हाच प्रश्न योग्य, कारण त्याचे सगळे साक्षीदार घरातच असतात.

प्रश्न बदलला की मांडणी बदलते, हे मुलांना एकदा ठळकपणे दाखवावे लागते. त्यासाठी मी शहराच्या इतिहासातलेच उदाहरण घेते. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांचे पुतळे असलेला चौक मुलांच्या रोजच्या येण्याजाण्यातला आहे. ‘हे चार हुतात्मे कोण होते?’ असे विचारले तर लेखनाचे चार भाग पडतात, प्रत्येकाचा एक. ‘१९३० साली सोलापुरात मार्शल लॉ का लागू झाला?’ असे विचारले तर तीच माहिती वेगळी उभी राहते: मे महिन्यात गांधीजींना झालेली अटक, गिरणी कामगारांचा संप, मिरवणुका, पोलिसांचा गोळीबार, उसळलेला जमाव आणि मग लष्कराच्या हाती गेलेले शहर. इथे प्रत्येक घटना पुढच्या घटनेचे कारण असते, त्यामुळे क्रम मोडता येत नाही. दोन्ही प्रश्न फळ्याच्या दोन बाजूंना लिहून माहितीचे तेच तुकडे दोन प्रकारे लावून दाखवले की मांडणी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी पायरी: एका चिठ्ठीवर एकच गोष्ट

पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे करावेत आणि प्रत्येक मुलाला अशा पंधरा-वीस चिठ्ठ्या द्याव्यात. नियम एकच आहे, पण तो कडकपणे पाळायला हवा: एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, आणि ती कुठून कळली हे कोपऱ्यात नोंदवायचे. ‘आजी’, ‘स्वतः पाहिले’, ‘इतिहासाचे पुस्तक’, ‘वर्तमानपत्र’ एवढे पुरे. वहीत सलग टिपणे काढू देऊ नयेत, कारण वहीतल्या ओळी हलवता येत नाहीत आणि मग ज्या क्रमाने माहिती मिळाली त्याच क्रमाने ती लेखनात उतरते.

सोलापूरच्या मुलांना माहिती विचारायला फार लांब जावे लागत नाही. कोणाचे वडील यंत्रमागावर असतात, कोणाची आजी विड्या वळते, कोणाच्या घरी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली ज्वारी येते, तर कोणाचे काका सांगोल्याला डाळिंबाची बाग राखतात. विचारायला जाण्यापूर्वी पाच प्रश्न लिहून न्यायला सांगावे आणि त्यातला एक तरी ‘कसे’ने सुरू होणारा असावा, कारण ‘कसे’ विचारले की मोठी माणसे हातवारे करून, खरोखर सविस्तर सांगतात. तारखा, आकडे आणि नावे असलेली चिठ्ठी मात्र दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय वापरू देऊ नये. पडताळलेल्या चिठ्ठीवर छोटी खूण करायची सवय लावावी.

इथे भाषेबद्दल थोडे सांगणे आवश्यक वाटते. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या मुलांची घरची भाषा पुष्कळदा कन्नड असते, आणि उर्दू किंवा दखनी बोलणारी मुलेही प्रत्येक वर्गात असतात. आजीने तेलुगूत सांगितलेली गोष्ट मराठीत आणता आणता निम्मी गळून जाते आणि चिठ्ठीवर ‘पूर्वी खूप कष्ट होते’ एवढेच उरते. म्हणून चिठ्ठी कोणत्याही भाषेत लिहू द्यावी, लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्यावे, मिश्र वाक्यही चालवून घ्यावे. आराखड्यापर्यंतचे सगळे काम घरच्या भाषेत झाले तरी बिघडत नाही. मराठीची गरज परिच्छेद लिहिताना लागते, आणि तोपर्यंत काय सांगायचे आहे हे मुलाला पक्के ठाऊक झालेले असते. मराठीत गप्प बसणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या अशा वेळी वर्गात सर्वांत भरीव निघतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

तिसरी पायरी: चिठ्ठ्या लावणे

सगळ्या पद्धतीचा गाभा या पायरीत आहे, म्हणून तिला दोन पूर्ण तासिका द्याव्यात आणि त्यात घाई करू नये. बाके बाजूला सारून मुलांना जमिनीवर बसवावे आणि आपापल्या चिठ्ठ्या पसरायला सांगाव्यात. एकमेकींशी संबंध असलेल्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या, बाकीच्या दूर ठेवायच्या. तीन ते पाच गठ्ठे झाले की थांबायचे. दोनच गठ्ठे पडले तर त्यातला एक बहुधा फोडता येतो, आणि आठ पडले तर प्रश्नच फार मोठा घेतला गेलेला असतो.

आता प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायचे, पण ते नाव पूर्ण वाक्यात हवे. हा नियम मला फार उशिरा सुचला आणि त्याने सर्वांत जास्त फरक पडला. ‘घरातली कामे’ असे नाव दिले तर त्याखाली काहीही खपते. ‘पाणी येण्याच्या दिवशी आईचे काम पहाटेच सुरू होते’ असे वाक्य लिहिले तर कोणती चिठ्ठी त्या गठ्ठ्यात राहणार आणि कोणती बाहेर जाणार, हे मूल स्वतःच ठरवू शकते. वाक्य सुचत नसेल तर त्या गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्या एकमेकींच्या नाहीत असे समजावे आणि पुन्हा लावायला सांगावे.

कुठेच न बसणाऱ्या चिठ्ठ्यांसाठी एक पाकीट ठेवावे. मुलांना त्या टाकवत नाहीत, कारण त्या मिळवायला मेहनत पडलेली असते. नळाच्या प्रश्नावर लिहिणाऱ्या एका मुलाने उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी येतात ही चिठ्ठी प्रत्येक गठ्ठ्यात घालून पाहिली होती. माहिती खरी होती, सुंदरही होती, पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर ती देत नव्हती. ती पाकिटात गेली आणि पुढे त्याच चिठ्ठीवरून त्याने दुसरा लेख लिहिला. चिठ्ठी फेकून दिली जात नाही, ती वाट पाहते, एवढे समजले की मुले ती सोडायला तयार होतात.

यानंतर गठ्ठ्यांचा क्रम ठरवायचा. क्रमाचे प्रकार पाठ करून घेण्यापेक्षा प्रश्नाकडे परत पाहायला शिकवावे. ‘कसे होते?’ या प्रश्नाला काळाचा क्रम लागतो, ‘का झाले?’ला कारण आणि परिणामाचा, ‘काय फरक आहे?’ला तुलनेचा, आणि ‘काय करावे?’ला आधी अडचण व मग उपाय असा. यातले दोन प्रकार मुलांना अवघड जातात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

काळाचा क्रम सोपा वाटतो, पण तो नेहमी एका रेषेत नसतो. ‘सोलापुरी चादर कशी तयार होते?’ या प्रश्नावर लिहिणारी मुले सूत, रंगाई, ताणा (म्हणजे मागावर ताणायचे उभे धागे), विणकाम, कापणे आणि घडी असा क्रम चटकन लावतात. मग नक्षीची चिठ्ठी हातात राहते. नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून काढतात, त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात, आणि जॅकार्ड या मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर चढवलेले ते पत्ते मागाला कोणता धागा कधी उचलायचा हे सांगतात. हे काम सुताच्या रंगाईनंतर होते की आधी? दोन्ही कामे निरनिराळ्या ठिकाणी, एकाच वेळी चालू असू शकतात. लेखनात मात्र वाक्ये एकामागून एकच येतात. अशा वेळी वर्गाला विचारावे की वाचकाला नक्षीची माहिती कुठे लागेल. माग सुरू होण्याच्या अगदी आधी ती आली तर पत्त्यांचे काम लगेच समजते, म्हणून सूत माग चढण्याइतके तयार करून ठेवावे, तिथे थांबून ‘इकडे हे चालू असताना दुसरीकडे’ असे म्हणत नक्षीकडे वळावे, आणि दोन्ही धागे मागापाशी आणून मिळवावेत. वाचकाची गरज पाहून क्रम ठरतो, हे एवढ्या एका उदाहरणातून मुलांना नीट कळते.

तुलनेत अडचण वेगळी असते. कडक भाकरी आणि रोजची मऊ भाकरी यांतला फरक लिहायला दिला की मुले आधी पानभर कडक भाकरीबद्दल लिहितात, मग पानभर मऊ भाकरीबद्दल, आणि तुलना वाचणाऱ्यानेच करायची राहते. त्यांना चिठ्ठ्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावायला सांगावे: जाडीसमोर जाडी, भाजण्यासमोर भाजणे, टिकण्यासमोर टिकणे. ज्या चिठ्ठीसमोर जोडीदार नाही तिथे माहिती कमी पडली आहे, हे लगेच दिसते आणि मूल पुन्हा घरी विचारायला जाते. मग प्रत्येक जोडीचा एक परिच्छेद करायचा.

चौथी पायरी: तोंडी सांगून पाहणे

लावलेल्या गठ्ठ्यांवरची वाक्ये एका कागदावर क्रमाने उतरवली की तो झाला आराखडा. तो हातात धरून मुलाने शेजारच्याला तीन मिनिटे सगळे सांगावे. ऐकणाऱ्याचे काम एवढेच की जिथे कळले नाही तिथे हात वर करायचा. सांगणाऱ्याने तिथे फुली मारायची आणि पुढे जायचे, वाद घालायचा नाही. फुल्या बहुतेक वेळा दोन गठ्ठ्यांच्या मध्ये पडतात, कारण मूल एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारते आणि मधला दुवा त्याच्या डोक्यातच राहून जातो. ही पायरी शिक्षक सर्वांत आधी गाळतात, आणि तिथेच लेखन विस्कळीत होते. वेळ कमी असेल तर दुसरे काहीही कमी करावे, हे मात्र करू नये.

पाचवी पायरी: परिच्छेद

एका गठ्ठ्याचा एक परिच्छेद, आणि गठ्ठ्याचे वाक्य हे त्या परिच्छेदाचे पहिले वाक्य, असा सुरुवातीचा नियम ठेवावा. पुढे मुले तो मोडतील आणि मोडावाही, पण पहिल्या वर्षी तो हवा. वर्गात एक कच्चा नमुना फळ्यावर लिहावा: ‘पाणी येण्याच्या दिवशी खूप धावपळ होते. आई पाणी भरते. पाणी उजनीतून येते. आपण पाणी जपून वापरले पाहिजे. आजी लवकर उठते.’ यातली कोणती वाक्ये धावपळीची नाहीत, असे विचारले की मुले उजनीचे आणि उपदेशाचे वाक्य स्वतःहून काढतात. मग उरलेल्या वाक्यांना प्रश्न विचारावेत: आजी का लवकर उठते, आई आधी काय भरते? त्या उत्तरांतून वर्गाने मिळून असा परिच्छेद तयार करावा:

‘पाणी येण्याच्या दिवशी आमच्या घरात सर्वांत आधी आजी उठते. पाणी किती वाजता येईल हे नक्की नसते, म्हणून ती नळाची तोटी उघडी ठेवून खाली रिकामी कळशी ठेवते. कळशीत धार पडल्याचा आवाज झाला की ती आईला हाक मारते. आधी पिण्याचे पाणी, मग स्वयंपाकाचे आणि शेवटी पिंप, असा आमच्याकडे भरण्याचा क्रम आहे.’

या परिच्छेदात एकही अवघड शब्द नाही, अलंकार नाही, आणि तरी तो कोणत्याही निबंधाच्या पुस्तकात सापडणार नाही. मुलांना हे मोठ्याने वाचून दाखवावे.

जोडणाऱ्या शब्दांबद्दल एकच सांगते. मुले ‘तसेच’ आणि ‘आणि’ या दोन शब्दांनी सगळे जोडतात. त्यांना पंचवीस शब्दांची यादी देऊन उपयोग होत नाही; यादीतले शब्द मग कुठेही चिकटवले जातात. त्यापेक्षा दोन वाक्ये देऊन त्यांच्यातले नाते विचारावे. दुसरे वाक्य पहिल्यामुळे घडले असेल तर ‘त्यामुळे’, पहिल्याच्या विरुद्ध असेल तर ‘मात्र’, नुसते पुढचे असेल तर ‘त्यानंतर’. नाते सापडले नाही तर ती वाक्ये शेजारी असण्याचे कारणच तपासावे.

सुरुवात आणि शेवट सर्वांत शेवटी लिहून घ्यावेत. मधला मजकूर तयार असला की सुरुवातीला काय हवे हे कळते: वाचकाला प्रश्न सांगणे आणि तो का पडला हे दाखवणे. एखादी चिठ्ठी त्यासाठी वापरता येते. मावशीच्या गल्लीत दिवसा पाणी येते, हेच सुरुवातीचे वाक्य होऊ शकते. शेवटी प्रश्नाचे मिळालेले उत्तर लिहावे आणि थांबावे. शीर्षक मुलांनी हवे तेव्हा द्यावे.

तपासणी

पहिला खर्डा तपासताना ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. लाल खुणांनी भरलेले पान परत मिळाले की मूल फक्त वेलांट्या आणि उकार सुधारते आणि मांडणी होती तशीच राहते. पहिल्या वेळी आराखडा आणि खर्डा शेजारी ठेवून समासात दोनच गोष्टी लिहाव्यात: कुठला परिच्छेद आपल्या पहिल्या वाक्यापासून भरकटला, आणि कुठे वाचताना आणखी जाणून घ्यावेसे वाटले. शुद्धलेखन आणि विरामचिन्हे पक्क्या खर्ड्याच्या वेळी पाहावीत. चाळीस-पन्नासच्या वर्गात सगळ्या वह्या एका दिवशी तपासणे शक्य नसते, म्हणून रोज दहा घ्याव्यात आणि बाकीच्यांना तोवर जोडीदाराकडून फुल्या मारून घ्यायला सांगावे.

परीक्षेपुरते

परीक्षेत चिठ्ठ्या नसतात, अशी शंका पालक हमखास काढतात. त्यासाठी दुसऱ्या सत्रात वेगळा सराव घ्यावा. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ असे लिहून मुलाने पाच मिनिटांत आधी विषयाचा प्रश्न करावा, मग सुचतील ते आठ-दहा शब्द विखुरलेले लिहावेत, एकमेकांचे वाटतील त्यांना गोल करावा आणि गोलांना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत. जमिनीवर बसून चिठ्ठ्या सरकवण्याचेच हे काम आहे, फक्त हात न हलवता केलेले. वर्षभरात चार-पाच वेळा खऱ्या चिठ्ठ्या लावलेल्या मुलांना ते पाच मिनिटांत जमते. ज्यांना जमत नाही त्यांना पुढच्या लेखनाला पुन्हा कागदाचे तुकडे द्यावेत.